नदीपलीकडच्या सहा बाटल्या

दारू या वस्तूचा माझ्या मामेसासऱ्यांइतका आदर करणारा आणि तिच्यापासून इतकं अंतर राखून राहणारा माणूस उभ्या पृथ्वीवर दुसरा नसेल. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. इथे पिणारे पुष्कळ आहेत, न पिणारे त्याहून पुष्कळ आहेत, आणि विचारलं तर न पिणारे सगळेच आहेत. पण हिवाळ्यातल्या एका दुपारी पिण्याचा सरकारी परवाना सदऱ्याच्या खिशात घालायचा, पुलगावहून निघून नदीवरचा पूल ओलांडून अमरावती जिल्ह्यात शिरायचं, काठावरच्या कडुनिंबाखाली बसून एक, फक्त एक छोटी बाटली तिघांत वाटून प्यायची आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत तिथून हलायचंच नाही, हा नेम पाळणारा माणूस मी एकच पाहिला. "पोटात असली म्हनून काय झालं?" ते मला विचारायचे. "जिल्ह्यात आनलीच ना मंग!" मी पुलगावात राहतो, आर्वीला नोकरी करतो आणि एक जुनी गाडी बाळगून आहे. त्या गाडीमुळेच मी या सगळ्या भानगडीत सापडलो. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो.

मामाजी कापसाचे ग्रेडर होते. सिंदीपासून आर्वीपर्यंतच्या खरेदी केंद्रांवर, सरकी काढायच्या जिनिंगांच्या आवारात, त्यांची उभी नोकरी गेली. गाडी आली की ते खालपर्यंत हात खुपसून मूठभर कापूस काढायचे, अंगठा आणि बोट यांच्यात धरून धागा हळूच ताणायचे, मग तो गालाला लावायचे, मग नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. सगळं केंद्र त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहायचं. डोळे उघडले की म्हणायचे, "काल राती पानी शिंपडलं काय गा याच्यावर?" समोरचा माणूस आभाळाकडे बघायला लागायचा. रिटायर झाले तरी ती दोन बोटं काही रिटायर झाली नाहीत. पोळी आली की तिचा पदर दोन बोटांत धरणार, साडी आणली की तिचा काठ धरणार, निवडणुकीचं पत्रक हातात दिलं तर आधी कागद चोळून बघणार आणि मग प्रत सांगणार. त्यांच्या जगात प्रती तीनच: सुपर, मध्यम आणि फरदड. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांना पुन्हा पाणी पाजून काढलेला उरलासुरला कापूस. ज्या माणसाला मामाजी फरदड म्हणाले, तो कितीही मोठ्या पदावर चढला तरी आमच्या घरात फरदडच राहिला.

मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा याच मामाजींनी माझा हात हातात घेतला, तळवा अंगठ्यानं दाबला आणि घरातल्यांकडे वळून म्हणाले, "मध्यम." माझं तोंड एवढंसं झालं. लग्न होऊन दोन दिवाळ्या उलटल्यावर त्यांनी त्याचा उलगडा केला. ग्रेडरला माल फार आवडला तर त्यानं चेहऱ्यावर काही दाखवायचं नसतं. "तोंडावर सुपर म्हन्लं का भाव चढते, जावईबापू. अन् मानूस बिघडते." म्हणून जे जिवापाड आवडलं ते मध्यम. सुपर ते फक्त ज्याच्याशी देणंघेणं नाही अशाच गोष्टींना म्हणायचे, म्हणजे चंद्र, किंवा शेजाऱ्याची मोटारसायकल. मामीजींच्या हातचा पाटोडीचा रस्सा जन्मभर मध्यमच राहिला. मामीजी रोज चिडायच्या आणि रोज चौथी पाटोडी त्यांच्याच ताटात टाकायच्या.

तर असा हा सुपारीचंही व्यसन नसलेला मनुष्य साठी उलटल्यावर बिअरच्या नादी लागला कसा? त्याचं सगळं पाप त्यांच्या लेकीच्या बाळंतपणावर जातं. लेक बेल्जियममध्ये नोकरीला. बाळंतपणाला आई हवी, म्हणून मामीजी निघाल्या, आणि मामीजींशिवाय मामाजींना चहासुद्धा करता येत नाही, म्हणून मामाजीही निघाले. तिथे बाळाभोवती मामीजी, मामीजींभोवती लेक, आणि मामाजींना घरात उभं राहायलाही जागा नाही. त्यांच्या जावयानं एका रविवारी सगळ्यांना गाडीत घालून एका जुन्या मठात नेलं. दगडी भिंती, मोठी बाग, घंटा वाजतेय, पांढरे झगे घातलेले साधू खाली बघत चाललेत. मामाजींनी पायातले बूट काढले. जावई म्हणाला, इथे नका काढू, थंडी आहे. मग कळलं की हे साधू बिअर गाळतात आणि मठाचा संसार त्याच्यावर चालतो. मामाजींना हे अजिबात खटकलं नाही. आपल्याकडच्या मठात बुंदी पाडतात, त्यांच्याकडे हे पाडतात. मठातून आलेलं नाकारायचं कसं, या एकाच भावनेनं त्यांनी तो गडद तांबूस प्याला दोन्ही हातांत घेतला, आधी कपाळाला लावला, मग गालाला, मग नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"अन् जावईबापू," पुढे कितीतरी वेळा त्यांनी मला हे सांगितलं, "मले पयले गूळ आला. मंग खारीक आली. मंग, खोटं नाई सांगत, मोहाचे वाळले फुलं आले. मी म्हन्लं, अरे बाप्पा, इतक्या दूर येऊन हा वास कोनी आनून ठेवला?" मामीजी तेव्हा बाहेरच्या बाकावर नात मांडीवर घेऊन, आतल्या दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. तिथे एक म्हातारा साधू नातीला बघायला आला. मामाजी त्याच्या मागोमाग बाहेर आले आणि जावयाला मध्ये घालून त्याला कापसासारखे प्रश्न विचारायला लागले. याच्यात दुप्पट, तिप्पट आणि चौपट अशा चढत्या प्रती असतात, ही त्यातली चौपट, हे तेव्हाच कळलं. हिची बाटली उभी ठेवायची. अंधारात, गारव्यात, हलवायची नाही. तळाला गाळ बसतो तो तसाच बसू द्यायचा. मग ती दरवर्षी बदलत जाते, वाढत जाते. किती वर्षं? साधूनं नातीच्या बोळक्या तोंडाला बोट लावलं आणि हसून सांगितलं, "हिचे दुधाचे दात पडायला लागतील तोवर चढेल. मग उतरायला लागेल."

हे ऐकून मामाजी जे गप्प झाले ते घरी येईपर्यंत गप्प. मामीजींना वाटलं, चढली. तसं नव्हतं. "जिनगानीभर म्या लोकायले एकच गोष्ट सांगतली," ते मला म्हणाले होते. "कापूस घरात ठेवू नका. ठेवला का पिवळा पडते, वजन घटते, उंदरं लागते. इकून टाका बाप्पा. अन् हा महाराज म्हन्ते, ठेवा! ठेवल्यानं वाढते! अशी बी एक वस्तू देवानं केली, अन् मले साठीनंतर दाखोली." त्या दिवसापासून त्या पेयाला आमच्या घरात बिअर म्हणायची बंदी झाली. ती 'मठातली'. मामीजीही 'मठातली'च म्हणत, फक्त पुढे 'घाण' जोडत.

विमानातून दोन लिटर आणता येते असं कळल्यावर मामाजींनी सहा बाटल्या घेतल्या आणि मामीजींच्या स्वेटरांत गुंडाळल्या. विमान उतरलं नागपूरला. नागपूरहून पुलगाव म्हणजे रेल्वेनं डुलकी काढेपर्यंत येतं. पण तो सगळा रस्ता वर्धा जिल्ह्यातून! मामाजींनी मामीजींना सामानासकट रेल्वेत बसवून दिलं आणि विमानतळावर घ्यायला आलेल्या मला, या गरीब जावयाला, म्हणाले, "आपन काटोलवरून जाऊ." काटोल, जलालखेडा, वरुड, मोर्शी, अमरावती, चांदूर, धामणगाव. मांडीवर स्वेटरात बाटल्या, एकही हलू नये म्हणून गाडी बैलाच्या चालीनं, आणि जिल्ह्याची हद्द डावीकडे आली की उजवीकडे झुकून बसलेले मामाजी. अमरावतीचा मोठा रस्ता घेऊ म्हटलं तर, "तो कारंज्यावरून जाते. कारंजा वर्धा जिल्ह्यात येते." सकाळी निघालेलो आम्ही दिवस मावळताना ज्या गावी पोचलो, तिथून नदीपलीकडे मामाजींच्या पुलगावचे दिवे लागताना दिसत होते. माझ्या बायकोनं पुढे एकदा सहज म्हटलं, "मामा, मुंबईला उतरून रेल्वेनं आले असते तर धामणगाव पुलगावच्या आधीच येते ना?" मामाजींचा चेहरा असा काही पडला की त्या आठवड्यात त्यांनी एकाही गोष्टीची प्रत सांगितली नाही.

त्या गावात मामाजींचे एक जुने दोस्त राहतात. एकटे, विधुर, स्वतःच्या हातानं लोणची घालणारे. त्यांच्या जुन्या मातीच्या घरात एक बळद आहे, म्हणजे हातभर जाडीच्या भिंतींची, खिडकी नसलेली धान्याची खोली. मे महिन्यात बाहेर कावळे पाणी शोधत फिरतात तेव्हाही आत माठाच्या पोटासारखं गार असतं. तिथे सहा बाटल्या भिंतीशी उभ्या केल्या. मामाजींनी दोस्ताला बजावलं, हे मुरवायचं आहे, चांगली काळजी घेजो. चूक झाली ती इथे. मुरवायचं म्हटल्यावर आपल्याकडे माणूस काय करेल? पुढचा उन्हाळा लागल्याबरोबर त्या दोस्तानं लिंबाची बरणी, आंब्याची बरणी आणि त्यांच्या शेजारी नमुन्याला म्हणून मठातली एक बाटली, तोंडाला पांढरं फडकं बांधून गच्चीवर उन्हात मांडली. रोज संध्याकाळी ते ती प्रेमानं हलवून आत आणायचे. ऐन वैशाखात एका दुपारी गच्चीवर बंदुकीसारखा आवाज झाला आणि अर्ध्या गावानं वर धाव घेतली.

मामाजींना बोलावणं गेलं. मी गाडी काढली. गच्चीवर काचा, लोणच्याच्या बरण्यांवर फेस वाळलेला, आणि दोस्त रडवेल्या तोंडानं म्हणत होते, "मुराले ऊन नाई लागत काय गा? मीनं तं लिंबाच्या बाजूले ठेवली होती." मामाजी खाली बसले, गच्चीवरची भिजलेली माती चिमटीत घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले. आम्हाला वाटलं आता दोस्ती तुटते. "चांगली होऊन राह्यली होती," एवढंच म्हणाले, आणि मग दोस्ताच्या पाठीवर हात ठेवून हसायला लागले. त्या लिंबाच्या लोणच्याला त्यांनी पुढे सुपर म्हटलं, आणि तेव्हाच मला कळलं की ते त्यांना बिलकूल आवडलेलं नाही.

उरलेल्या पाच बाटल्यांसाठी नेम ठरला. थंडी पडली की वर्षातून एक. त्या दिवसाच्या आदल्या दिवसापासून मामाजी घरात लसणाची फोडणी पडू द्यायचे नाहीत. मला डोक्याला तेल लावायची मनाई, गाडीत उदबत्तीची डबी ठेवायची मनाई. मठातून आणलेला बुटका, रुंद तोंडाचा पेला मामीजींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आम्ही पूल ओलांडायचो. कडुनिंबाखाली सतरंजी पडायची. दोस्त बाटली दोन्ही हातांनी धरून, तान्ह्या लेकराला आणावं तसं पावलं मोजत आणायचे. मामाजी झाकण काढून पेला तिरपा धरायचे आणि इतकं हळू ओतायचे की मधेच एखादी मालगाडी रेल्वेपुलावर यायची, पूर्ण निघून जायची, तरी ओतणं चालूच असायचं. शेवटचा गाळ बाटलीत ठेवायचा. मग पेला तिघांत फिरायचा.

मला विचाराल तर मला तो पहिल्या वर्षी गोड काढा वाटला आणि चौथ्या वर्षी जुना गोड काढा वाटला. पण मामाजींचं ऐकत ऐकत प्यायलो की काय व्हायचं कोण जाणे. ते एक घोट घ्यायचे आणि नदीकडे बघत बोलायला लागायचे. पहिल्या वर्षी म्हणाले, अजून दांडगी आहे, गोऱ्हा आहे, वेसण घालायची बाकी. दुसऱ्या वर्षी मनुका आल्या. तिसऱ्या वर्षी त्यांनी पेला गुडघ्यावर धरून ठेवला. ऊन कलंडलं होतं, पाण्यावरून धूर निघाल्यासारखा गारवा वर यायला लागला होता, पलीकडे पुलगावात कुणीतरी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या आणि त्याचा निळा पट्टा नदीवर आडवा येऊन थांबला होता. मला ते गाव आपलं वाटेना. आपण तिथे राहतो, तिथे आपलं विजेचं बिल येतं, हे सगळं कुणीतरी सांगितलेलं ऐकून विसरल्यासारखं झालं. तेवढ्यात मामाजी हळूच म्हणाले, "जिनिंगात आग विझोल्यावर दुसऱ्या दिवशी कसा वास येते, गोड, जळला, अन् थंडा. तो आला." आणि खरं सांगतो, तो मलाही आला. चौथ्या वर्षी त्यांनी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत, नुसते हसत बसले. मी विचारलं, प्रत? म्हणाले, "मध्यम." रात्री आम्ही दोस्ताकडे झुणका-भाकर खाऊन झोपलो, सकाळी पेला नदीत तीनदा धुतला आणि जिल्ह्यात परतलो. मामीजींनी आम्हा दोघांना अंगणातच आंघोळ घातली.

मग त्या साथीचा ताप आला. सगळ्यांच्याच घरात येऊन गेला तसा मामाजींकडेही आला, आणि मामाजी बरे झाले. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. पण काहीतरी बिनसलं होतं. एक दिवस मामीजी शेजारी गेल्या होत्या, शेगडीवर दूध उतू जाऊन, करपून, भांडं काळं होऊन धूर निघाला, आणि तिथेच दाराशी खुर्चीवर मामाजी पेपर वाचत बसलेले. मामीजी धावत आल्या. "काऊन जी, वास नाई आला तुमाले?" मामाजींनी पेपरवरून वर पाहिलं आणि मग पेपर घडी करून खाली ठेवला. त्यांना तापानंतर कशाचाच वास येत नव्हता. इतके दिवस त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, येईल, वेळ लागेल. मग म्हणाले, कधी कधी येत नाही.

त्यानंतरचे ते दोन हिवाळे मला आठवू नयेसे वाटतात. मामाजी कुणालाच काही म्हणेनात. पोळी समोर आली की खाणार, उठणार. दोन बोटं मांडीवर गप्प. एकदा मी जेवायला होतो, मामीजींनी पाटोडी केली होती. मामाजी जेवले आणि सभ्यपणे म्हणाले, "चांगली झाली." मामीजींच्या हातातली पळी तशीच राहिली. आत गेल्या. मी मागोमाग गेलो तर ओट्याला धरून रडत होत्या. "जलमभर मध्यम म्हन्लं या मानसानं मले," त्या म्हणाल्या, "आता चांगली म्हन्ते! परक्याच्या घरी जेवल्यावानी!" त्या म्हणत होत्या ते खरंच होतं.

आणि बळदात शेवटची बाटली उभी होती. थंडी पडली की दोस्ताचा फोन यायचा, केव्हा येता? मामाजी म्हणायचे, पुढच्या वर्षी. नाक परत येईल, मग जाऊ. नाक नसताना ती उघडणं म्हणजे त्यांच्या मते आंधळ्यानं लेकीचं लग्न बघणं. मी म्हटलं, थांबा की मग, घाई कुठे आहे? घाई कुठे होती ते मला नात बोलली तेव्हा कळलं. व्हिडिओवर आली होती, सहा-सात वर्षांची झाली आहे आता, मराठी बोलते पण साधूंच्या देशातल्यासारखी. तिनं तोंड मोठं उघडून पडद्याला जवळजवळ चिकटवलं आणि बोटानं पुढचा दात ढकलून दाखवला. "आजोबा, बघा, हलतो!"

सगळे हसलो. मामाजी हसले नाहीत. फोन बंद झाल्यावर कितीतरी वेळ तो तसाच हातात धरून बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उतराले लागन आता." नाकाची वाट पाहावी तर बाटली हातची जाणार, आणि बाटली आत्ता उघडावी तर नाक नाही. इतकी वर्षं त्यांनी काहीही न करता फक्त जपलेली एकच वस्तू जगात होती, आणि ती काय झाली हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर आतून मामीजींचा आवाज आला.

"उद्या गाडी काढजा, जावईबापू. मी बी येतो."

मामाजींनी दचकून दाराकडे पाहिलं. मामीजी हात पुसत उभ्या होत्या. "तू?" मामाजी म्हणाले. "तिकडे? ते घाण...?" मामीजी म्हणाल्या, "प्यासाठी नाई येऊन राह्यली मी. नाक हाये ना माह्याजवळ." आणि आत गेल्या. त्या रात्री घरात लसणाची फोडणी पडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पूल ओलांडला. मामीजी मागच्या सीटवर, डोक्यावरून पदर घेऊन, सत्यनारायणाला निघाल्यासारख्या ताठ. दोस्तानं त्यांच्यासाठी सतरंजीवर धुतलेली चादर घातली होती. बाटली आली. मामाजींनी झाकण काढलं. फस्स झालं. ओतायला त्यांनी पूर्वीइतकाच वेळ घेतला. पेला भरला, फेस बसला. त्यांनी सवयीनं तो गालाला लावला, नाकाशी नेला, डोळे मिटले. आम्ही श्वास धरून बसलो. त्यांनी डोळे उघडले, मान हलवली आणि पेला मामीजींच्या हातात दिला.

मामीजींनी आधी पदर नाकाला लावला. मग तो खाली घेतला. पेला जवळ नेला, झटकन दूर केला, पुन्हा जवळ नेला. आणि मग या बाईनं डोळे मिटले. अगदी तसेच. जन्मभर समोर बसून पाहिलं होतं ना.

"गूळ हाये," त्या म्हणाल्या. "काळा. नवा नाई, माठात राह्यला तसा."

मामाजींनी पेला घेतला, एक छोटा घोट तोंडात धरला. जिभेला कडू-गोड कळत होतं, तेवढंच. पेला परत देऊन त्यांनी भुवई उडवली: मंग?

"मनुका. थांबा, घाई करू नका." हे मामाजींचंच वाक्य, खरेदी केंद्रावरचं. "प्रसादाच्या शिरनीतला खारकेचा तुकडा असते, तो. अन् लाकडाची पेटी. माह्या मायची पेटी नाई काय, कापूर ठेवलेली, ते उघडली का पयल्या दमाले यायचा तो." रेल्वेपुलावरून एक गाडी निघून गेली. "अन् एक वास हाये... तुमी जिनिंगातून याचे संध्याकाळी. सदरा काढून खुंटीले लावाचे. मी तो धुवाले घेतला का याचा. सरकीचा, घामाचा, अन् धुळीचा. तो हाये याच्यात. खाली, अगदी खाली."

मामाजी नदीकडे बघत होते. तोंडातला घोट त्यांनी किती वेळ गिळला नाही कोण जाणे. गिळला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे काही झालं ते मी चौथ्या वर्षी पाहिलं होतं. ते हळूच म्हणाले, "आला."

वास आला की मामीजींचं बोलणं आलं, मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नसावं. मग त्यांनी मामीजींकडे तोंड वळवलं आणि, ज्या माणसापुढे शेकडो लोक श्वास रोखून उभे राहिले होते तो माणूस, स्वतः श्वास रोखून म्हणाला, "प्रत सांग."

मामीजींनी पेल्याच्या काठावरचा एक थेंब बोटावर घेतला. अंगठ्यानं चोळला. चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही.

"मध्यम," त्या म्हणाल्या.

मामाजींचे डोळे भरून आले. त्यांनी पेला घेऊन दोघांच्या मधोमध ठेवला आणि त्यांची दोन बोटं मामीजींच्या लुगड्याच्या काठावर जाऊन थांबली. दोस्त उठून भाकरी टाकायला गेले. मी आज घोट घेतला नव्हता, कुणी दिलाही नव्हता, आणि मला तो हवाही नव्हता. ऊन उतरायला लागलं तसं मी म्हटलं, "मामीजी, तुम्ही तर प्यायल्या नाहीत. दिवस आहे तोवर तुम्हाला घरी सोडून देतो. मामाजी सकाळी येतील."

मामीजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी बेकायदा सुचवलं.

"वास तं नाकात हाये ना माह्या," त्या म्हणाल्या. "असा कसा नेऊ जिल्ह्यात? सकाळी येतो आमी. तुमी जा."

मी एकटाच गाडीत बसलो. पुलाच्या मध्यावर, जिथे एक जिल्हा संपून दुसरा लागतो, तिथे गाडी थांबवून मागे पाहिलं. कडुनिंबाखाली दोघं तशीच बसलेली. अंतरावरून ऐकू येत नव्हतं, पण मामाजींची मान तिरपी झाली होती आणि मामीजी पेला नाकाशी धरून काहीतरी सांगत होत्या. मी बराच वेळ थांबलो, तरी त्यांचं सांगणं संपत नव्हतं.